जागल्याले झोपवलं

ते पाकीट राहू दे तिथंच, बेटा, काउंटरवर — पळून नाही जात ते. आधी बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हालते, या खुर्चीवर बस — याच खुर्चीवर घाटंजी तालुक्यातली अर्धी माणसं बसून गेली, हसा म्हणलं की कोणी हसे नाही, अन् हलू नका म्हणलं की श्वास धरून बसत. तुही मायही हिच्यावरच बसली असन. असन काय, बसलीच — पावती आहे ना तुह्याजवळ. काल तू पावती दाखवली, मी नंबर पाह्यला अन् म्हणलं उद्या ये, अन् तू आली, सांगितल्या टायमाले आली. आजकाल असं कोण येते. चहा सांगितला आहे मी. नाही कशी म्हणते — रविवारी लग्न तुहं, अन् लग्नघरची पोरगी माह्या दुकानातून कोरड्या तोंडानं गेली तर लोक काय म्हणतीन, भीमराज फोटोवाला म्हातारपणी चिकट झाला म्हणतीन.

तू काल जे सांगितलं ते सगळं माह्या ध्यानात आहे. मैत्रेयी नाव तुहं, माय साधना. तू चार वर्षांची होती तेव्हा ती गेली, दोन हजार सहा साली, अन् फोटो त्याच सालचा. आधार कार्ड तेव्हा निघालंच नव्हतं, मतदानाच्या कार्डावर चेहरा म्हणून एक काळा डाग — त्या डागाले कोणी माय म्हणन का. घरी भिंतीवर जो फोटो होता त्याले मागून वाळवी लागली, काच जशीच्या तशी राह्यली अन् आतली माय खाऊन टाकली. हे तू काल हसून सांगितलं. अशा गोष्टी माणूस हसूनच सांगते. तिकडच्या बाजूनं नवरदेवाच्या बापाचा फोटो खुर्चीवर ठेवतीन, त्याले हार घालतीन, मंग आपल्या बाजूची खुर्ची रिकामी काहून असावी — बरोबर आहे तुहं. आपल्यात तशी रीतच आहे, गेलेला माणूस लग्नाले येते, फोटोत बसून येते. अन् तिचा चेहरा तुले आठवत नाही म्हणे. काहीच नाही? थोडासाही नाही? — बरं. बरं.

मी चौथी शिकलो, पण फोटो मले जमे. नव्वद साली हे दुकान टाकलं. बाजाराच्या दिवशी गर्दी असे — कापूस वेचून आलेल्या बाया, बोटं चिरलेली, लुगडं मळलेलं, अन् फोटो तर चांगला पाह्यजे. म्हणून स्टुडिओची एक साडी ठेवली होती, निळी, जरीच्या काठाची. गड्यांसाठी एक काळा कोट. कोट एकच, सगळ्या तालुक्याले — बारीक माणूस असला तर मागून चिमटे लावायचे, जाड असला तर बटणं उघडीच ठेवून म्हणायचं, असाच शोभते तुम्हाले. मागं तोच पडदा, तलाव अन् बदकं — तो पाहून ठेव, अजून टांगलेला आहे, बदकांचा रंग गेला पण तलाव आहे. पावतीवर मी सगळं लिहून ठेवायचो, नंबर, नाव, कोट कोणाचा, साडी कोणाची — नाहीतर लोक कोट घालूनच बाजारात निघून जात, एक जण तर कोट घालून थेट पांढरकवड्याले पोचला होता, तीन दिवसांनी परत आणून दिला अन् म्हणे, भीमराजभाऊ, सासरवाडीत लय मान भेटला. अन् कोणी गेलं घरातलं, की लोक इथंच येत — वरातीतला फोटो आणत, पंगतीतला आणत — यातून आमचा माणूस काढून द्या, मोठा करून द्या, जमलं तर कोट घालून द्या. मी द्यायचो. जिवंतपणी ज्याच्या अंगाले कोट लागला नाही तो मेल्यावर भिंतीवर कोटात बसे. मले त्याचं वाईट नाही वाटलं कधी. त्यात काय खोटं आहे, चेहरा तर त्याचाच होता ना.

हा, चहा आला. घे. बिस्किट बुडव, लाजू नको.

मंग कॉम्प्युटर आला. राजदीप माहा — पोरगा, एकच आहे — तो शिकला कॉम्प्युटर यवतमाळले जाऊन. तो म्हणे, बाबा, या निगेटिव्ह डब्यात सडतीन, एकेक करून मशीनमधी टाकून घेऊ. दोन वर्षं चाललं ते काम. दुपारी गिऱ्हाईक नसलं की नलू — माही बायको — ती निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरे, नंबर वाचे, राजदीप मशीनमधी टाके, मी पुसून पुसून डब्यात परत ठेवायचो. एकोणीस वर्षांची माणसं. नलू निगेटिव्हमधूनही माणूस ओळखे, काळ्याचं पांढरं अन् पांढऱ्याचं काळं झालेलं — म्हणे, हा पाहा, तुमचा कोटचोर. तसे दिवस होते, बेटा. मले वाटे आता मी मेलो तरी चालते, सगळे आतमधी जाऊन बसले, पाण्याचं भय नाही, वाळवीचं भय नाही.

तू विचारशील, मंग त्या निगेटिव्हचं काय झालं. सांगतो ना. दोन हजार दहा साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आलं. आता गावात कसं असते — दारं लावून घेतली, अन्न झाकलं, गरोदर बायांले खाटेवर बसवलं, सुई हाती घेऊ नको, विळी हाती घेऊ नको. आपण ते पाळत नाही. माहा बाप छप्पन साली नागपूरले गेलता, तिथून आला अन् पहिलं काम त्यानं हेच केलं म्हणत, ग्रहणात माह्या आजीच्या हाती विळी दिली अन् म्हणाला, चीर भाजी. म्हणून आपल्या वस्तीत ग्रहण आलं की आपण मुद्दाम बाहेर निघतो, पाहायले. त्या दिवशी विहारासमोर सगळी लेकरं जमली अन् माह्या मागं लागली — भीमराज आबाजी, काळी फिल्म द्या, सूर्य पाह्यचा. मी डब्याकडं पाह्यलं. राजदीप म्हणे, वाटून टाका बाबा, सगळं कॉम्प्युटरमधी आहे, कायले हा कचरा सांभाळता. अन् मी वाटल्या. मूठ मूठ भरून वाटल्या. मागून डॉक्टर म्हणे, तसं नसते पाह्यचं, डोळे जाते — तेही आम्हाले मागूनच समजलं. पण त्या दिवशी काय आनंद होता, दीडशे लेकरं वर मान करून, अन् प्रत्येकाच्या डोळ्यासमोर कोणाची तरी माय, कोणाचा तरी बाप धरलेला. तू तेव्हा आठ वर्षांची असशील. तुमच्या गावातलीही आलती काही. कोणाच्या हाती कोण गेलं, आता काय मालूम. उरलेल्या डब्यात ओल शिरली, चिकटून ढेप झाली, ती नगरपरिषदेच्या गाडीत गेली.

तर सगळे राह्यले त्या एका मशीनमधी. अन् मशीन किती दिवस चालते — जुनं झालं, तीन वर्षांखाली नवं आणलं. नलू तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. राजदीपनं जुन्यातून नव्यात सगळी माणसं उचलून ठेवली, मी मागं उभा राहून पाह्यलं, मंग जुनं भंगारात दिलं. पण नव्या मशीनच्या कोपऱ्यात एक फिकट ओळ येऊन बसे, जातच नसे. मी म्हणलं, हे काय लिह्यलं रे. तो म्हणे, काही नाही बाबा, हे मशीन म्हणते मले विकत घ्या. मी म्हणलं, घेतलं ना आपण. तो म्हणे, डबा घेतला, आतलं वेगळं विकत घ्यावं लागते, अन् अल्बम बनवायचं ते आणखी वेगळं, पण ते कोणी घेत नाही, सगळा जिल्हा तसाच चालते. मी म्हणलं, दोन लग्नांची कमाई गेली तरी चालन, घेऊन टाक. मी म्हणलं होतं हे — हे तू ध्यानात ठेव — मी म्हणलं होतं. तो हसला. त्यानं कुठून तरी एक ॲक्टिव्हेटर उतरवलं नेटवरून. म्हणजे किल्ली नाही, बेटा, कुलूपच फसवायचं औजार. अन् त्यासोबत एक कागद होता, त्यात पहिलीच ओळ, ती त्यानं मले वाचून दाखवली अन् हसला — आधी अँटिव्हायरस बंद करा.

मी म्हणलं, अँटिव्हायरस म्हणजे काय. तो म्हणे, तुमच्या भाषेत जागल्या समजा. वावरात जशी जागली करते माणूस, डुकरं येऊ नये म्हणून रातभर माळ्यावर बसते, तसा हा मशीनचा जागल्या. मी म्हणलं, अन् याले आत यायचं तर आधी जागल्याले झोपवा म्हणते? असा पाहुणा कोणता, जो येण्याच्या आधी सांगते की जागल्याले झोपवा? तर म्हणे — बाबा, तो जागल्या भलताच ओरडते, चांगल्या माणसावरही ओरडते. तुम्ही फोटो काढा, हे माह्यावर सोडा. अन् झोपवलं त्यानं. माह्यासमोर. एक बटण दाबलं, हिरवं होतं ते लाल झालं, अन् त्यानं ते औजार चालवलं, अन् कोपऱ्यातली ओळ गेली. मले म्हणे, पाहा, झालं की नाही. अन् झालं होतं. मी काय बोलतो मंग — मी चौथी शिकलेला माणूस.

सात-आठ महिने काही झालं नाही. तेच तर वाईट असते. लगेच काही झालं असतं तर माणूस सावध झाला असता. फेब्रुवारीची गोष्ट, एका सकाळी मी मशीन लावलं, एक बाई आलती पाटणबोरीकडची, सासऱ्याचा फोटो पाह्यजे होता — पाहतो तर सगळी चित्रं पांढरी. कोऱ्या कागदासारखी. नावं होती, पण प्रत्येक नावामागं एक शेपूट लागलेलं, इंग्रजी अक्षरांचं, कोणाले वाचता येऊ नये असं. एक उघडलं, उघडत नाही. दुसरं, नाही. मी दुपारपर्यंत एकेक उघडत राह्यलो, ती बाई बसली बिचारी, शेवटी म्हणे, आबाजी, राहू द्या, उद्या येतो. ती कधी आली नाही. राजदीप आला, त्यानं पाह्यलं, एक इंग्रजी कागद होता त्यात, तो वाचला मनातल्या मनात, मले म्हणे — बाबा, मशीन खराब झालं, याच्यात कोणाचा दोष नसते. कोणाचा दोष नसते. मी मानलं. पोटचा पोरगा बोलून राह्यला, मी काय त्याच्या तोंडाचा वास घेऊ? दोन महिन्यांनी तो यवतमाळले गेला, तिथं मोठा स्टुडिओ टाकला, काचेचं दार, आत थंडी. मी म्हणलं, चांगलं आहे, पोरगं वर गेलं. बोर्ड पाह्यले मी गेलतो, हार घेऊन गेलतो.

तू घड्याळ नको पाहू, बेटा, तुही गाडी एकची आहे, मले मालूम आहे, मीच सोडतो तुले स्टँडवर.

मशीन मी टाकलं नाही. पोत्यात बांधलं, बसमधी मांडीवर घेऊन यवतमाळले नेलं. तिथं विक्की म्हणून आहे एक, मशीनमधून हरवलेलं काढून देते — टक्कल पडलं पण नाव विक्कीच — त्याले म्हणलं, भाऊ, यात माणसं आहेत, पाहा कोणी जिवंत आहे का. त्यानं दोन दिवस ठेवलं. मंग मले बसवलं समोर, जसं मी तुले बसवलं आता. म्हणे, काका, मशीन खराब नाही. कोणीतरी बाहेरून आत येऊन सगळ्या फोटोंले कुलूप घातलं अन् किल्लीचे पैसे मागून राह्यला, त्या कागदात तेच लिह्यलं आहे, अन् पैसे देऊनही किल्ली भेटन याचा भरोसा नाही, देणारे किती जण रडत आले माह्याकडं. मी म्हणलं, तो आत आला कुठून. तर म्हणे — त्या ॲक्टिव्हेटरमधूनच, काका. फुकटाच्या किल्लीत बसून आला. जागल्या झोपवून त्याले तुम्हीच आत घेतलं, मंग तो महिनोन् महिने चूप बसला, किती फोटो आहेत, कुठं आहेत ते पाहत, अन् एक दिवस कुलूप घातलं. कोणीही देवो तुम्हाले हे औजार, भाऊ देवो का भाऊजी देवो, आत काय बसलं आहे ते देणाऱ्यालेही मालूम नसते.

एवढं असतं तरी मी सहन केलं असतं. माणसाची चूक होते. पण विक्की बोलता बोलता बोलून गेला — त्याले काय मालूम, मले माहीत नाही म्हणून — म्हणे, मी तर राजदीपले दिवाळीतच सांगितलं होतं. मी म्हणलं, काय सांगितलं. म्हणे, हेच मशीन तो घेऊन आलता दिवाळीच्या सुमारास, हळू चालते म्हणून. तेव्हाच मले आत घाण दिसली. मी म्हणलं त्याले, सगळा माल दुसऱ्या डिस्कवर काढून घे, मशीन पूर्ण पुसून काढ, नाहीतर एक दिवस सगळं जाईन. तर तो म्हणे, सिझन आहे, आता पुसत बसलो तर लग्नाच्या ऑर्डरी जातीन. इथंच बसून त्यानं लग्नाचे फोल्डर डिस्कवर काढले. डिस्क भरली. उरलेले तसेच ठेवले.

उरलेले म्हणजे कोण, तुले समजलं ना. उरलेले म्हणजे ज्यांचे पैसे कधीचेच येऊन गेले. तुही माय. तो कोटचोर. पाटणबोरीचा सासरा. चार महिने, बेटा — दिवाळी ते फेब्रुवारी — चार महिने रोज तो माह्यासमोर त्या मशीनवर बसला, मले म्हणे बाबा जेवले का, अन् त्याले मालूम होतं की खाली आग आहे. आपलं सामान त्यानं काढून घेतलं होतं घरातून. मले एक शब्द नाही. मी त्याच्याकडं गेलो त्याच दिवशी, काचेच्या दारात उभा राहून विचारलं, काहून रे. तो म्हणे — अन् वाईट नाही बोलला, हळूच बोलला — मेलेल्याचं कोण घेऊन जाते, बाबा. अन् मंग म्हणे, तुम्हीही तर तिथंच उभे होते, तुमच्यासमोरच केलं ना मी.

खरं आहे. उभा होतो मी. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा नाही विचारलं. कोपऱ्यातली ओळ गेली तेव्हा मलेही बरंच वाटलं होतं.

आता तो दर रविवारी फोन करते. बाबा, बीपीची गोळी घेतली का. मी म्हणतो, घेतली.

तुले वाटत असन, हा म्हातारा हे सगळं मले काहून सांगून राह्यला, माह्या मायचा फोटो तर त्या पाकिटात तयार आहे. हो ना. — थांब, आणखी एक सांगतो, मंग पाकिटाचं बोलतो. वरच्या पोडावर, कोलामाच्या वस्तीत, एक बुढी आहे, तिचा पोरगा उकंडा. आधीची लेकरं जगली नाही म्हणून हा झाल्या झाल्या उकिरड्यावर ठेवून परत उचलला, म्हणून उकंडा. तोही गेला मागच्या वर्षी, तापानं. बुढी आली, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणे भीमराज, माह्या उकंड्यानं तुह्या कोटात फोटो काढलता, तो दे. माह्या ड्रॉवरमधी एक जुनी कॉपी पडून होती, कोणाची ते मलेही आठवत नव्हतं — कोट तोच, पडदा तोच, वय तेवढंच. मी देऊन टाकली. मी म्हणलं, तिले दिसत तर नाही, मनाले शांती तर भेटन. तिनं छातीशी धरला. रडली. म्हणे हाच माहा उकंडा. मले वाटलं पुण्य केलं. तीन महिन्यांनी डोळ्यांचं शिबिर लागलं, तिचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली. मंग एक दिवस ती त्या दारातून आली, सोबत कोणी नाही, फोटो काउंटरवर ठेवला, अन् म्हणे — भीमराज, हा कोण होय रे?

शिवी नाही दिली. मी म्हणतो दिली असती तर बरं होतं. म्हणे, तीन महिने मी परक्याच्या पोराले फूल वाह्यलं, त्याचं काही नाही, पण माहा तिथं कुठं वाट पाहत असन. अन् जाताना म्हणे, हा तुह्याजवळ ठेव, याची माय येईन कधी. तो पाहा तिथं आहे, कॅलेंडरच्या बाजूले. कोणी आलं नाही अजून.

हे पाहून, हे सोसून, काल मी तुले म्हणलं उद्या ये.

हात नको लावू त्याले. मी सांगतो आत काय आहे. आत एक बाई आहे, याच खुर्चीवर बसलेली, निळी साडी, मागं बदकं, मांडीवर फ्रॉक घातलेलं लेकरू, केसाले रिबीन. तू उघडलं असतं तर तुले वाटलं असतं ही माय अन् ही मी. तू चार वर्षांची होती, तुले काय मालूम. तुह्या घरीही कोणी जास्त बोललं नसतं, वीस वर्षांखालचा चेहरा, स्टुडिओची साडी, म्हणले असते हो, अशीच होती. खुर्चीवर ठेवला असता, हार घातला असता, तू तिच्या पाया पडून गेली असती. ती तुही माय नाही, बेटा. ती नलू आहे. दुकान टाकलं त्या दिवशीचा फोटो, ती साडी तिनंच पसंत केलती, पहिली तिलेच नेसवली. अन् ती मांडीवरची पोरगी नाही, नलूले पोरगी पाह्यजे होती म्हणून तिनं हौसेनं फ्रॉक घालून बसवला होता. तो राजदीप आहे.

निळ्या साडीतला हा एकच वाचला, कारण हा मशीनमधी नव्हता तर माह्या घरी भिंतीवर होता. काल तू गेली अन् मी घरी जाऊन फ्रेम फोडली. मी म्हणलं, नलू कोणाच्या तरी लग्नाले जाईन, कोणाची तरी माय होईन, तिले आवडन. असं म्हणलं मी. — पण तू आता अशी पाहून राह्यली माह्याकडं, तर खरं सांगतो, एकट्या तुह्यासाठी नाही उतरवला तो. मले रोज सकाळी उठून त्या फ्रॉकातल्या लेकराकडं पाह्यनं होत नव्हतं. फेकवलाही जात नव्हता, नलूच्या मांडीवर बसला आहे ना तो. मले वाटलं, हा दुसऱ्याच्या घरी गेला तर सुटलो. तुह्या गळ्यात बांधून राह्यलतो मी माहं दुखणं, मायच्या नावानं. तोही असंच करे, दुसऱ्याच्या भल्याचं सांगून आपलं सामान काढे. कोणाचा पोरगा आहे शेवटी.

तुह्या मायचा फोटो नाही माह्याजवळ. तो गेला. हे मी कालच सांगायले पाह्यजे होतं.

रडू नको. — रड, रड थोडं. ती पावती दे इकडं. त्याच्यावर मी लिहून देतो, फोटो आमच्या हातून हरपला, सही करतो, कोणी विचारलं तर दाखव, दोष माह्या दुकानाचा आहे. चष्मा कुठं गेला — काल मी नुसता नंबर पाह्यला होता, खालचं पाह्यलंच नाही — नंबर, तारीख, साधनाबाई, मांडीवर मुलगी, अन् हे काय — हे माहंच अक्षर आहे, थांब — साडी घरची.

साडी घरची. तुले समजते का हे काय होय? हे मी लय कमी पावत्यांवर लिह्यलं. तिनं स्टुडिओची साडी नेसली नाही. निळी जरीकाठाची समोर टांगलेली होती, सगळ्या बाया हात लावून पाहत, अन् ती म्हणली असन, नको, माही बरी आहे. मले तिचा चेहरा आठवत नाही, खोटं नाही बोलणार आता. किती आल्या, किती गेल्या. पण ही गोष्ट पक्की आहे, ती माह्या हातची आहे, हिच्यावर कोणाचं कुलूप नाही. उसनी साडी नाही नेसली तुह्या मायनं. अन् मी तुले निळी साडी देऊन राह्यलतो.

तुह्या आजीच्या पेटीत, जिथून ही पावती निघाली, तिथं तिचं एखादं लुगडं, एखादी साडी आहे का? — आहे? कशी? — राहू दे, मले नको सांगू, ते तुह्याजवळ ठेव. रविवारी तीच घडी करून खुर्चीवर ठेव. कोणी हसलं तर हसू दे. मोबाईलवर चेहरा बनवून देतो म्हणतीन पोट्टे, तो नको घेऊ, तो कोणाचाच नसते. फोटो कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हण, घाटंजीच्या भीमराजनं हरपवला.

ही घे पावती. सही केली. जप ती, पाण्यात नको पडू देऊ.

जा आता, गाडी लागली असन. नाही, मी नाही येत स्टँडवर, म्हणलं होतं खरं, पण तू जा. पैसे कायचे, वेडी आहे का. लग्नाले बोलावते? — पाहीन. जय भीम, बेटा. दार नुसतं लोट. अन् ते पाकीट — नाही, उचलू नको. आहे तिथंच राहू दे. पालथं कर फक्त.